बाबांची सोंड

आमच्या घरी पहाटे साडेपाचला दोन प्रकारची उपकरणी घासली जात असत. पहिली देवाची: ताम्हन, पळी, निरांजन. दुसरी बाबांची: सिलिकॉनचा एक मऊ मुखवटा, पाण्याची एक पारदर्शक डबी आणि चार हात लांबीची एक करडी नळी. आधी देवाची, मग बाबांची, हा क्रम आईने कधी मोडला नाही. त्या नळीला ती 'सोंड' म्हणे. रात्री दिवा मालवताना 'सोंड लावली का?' हा तिचा प्रश्न आणि 'लावतो ना' हे बाबांचे उत्तर, ही आमच्या घरची शेजारतीच झाली होती. तीन वर्षे मी हा सारा उपचार कौतुकाने पाहत होतो. नुसता पाहतच होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

बाबा निवृत्तीनंतर बेळगावहून बंगळुरूला आमच्याकडे राहावयास आले, ते आपले घोरणे बरोबर घेऊनच. घोरणाऱ्याचा मनातून थोडा हेवाच करावा, कुंभकर्णाचे नाव घेऊन हसावे आणि 'काय ढाराढूर झोप लागते पाहा' म्हणून विषय सोडून द्यावा, अशी आपली रीत आहे. बाबांच्या घोरण्यात मात्र मध्येच खंड पडे. आवाज थांबे, आणि खोलीत एकाएकी शांतता होई. ती शांतता आई अंधारात आकडे मोजून काढी. 'काल पंचवीसपर्यंत गेले रे आकडे,' असे ती एकदा मला म्हणाली, तेव्हा कुठे माझे लक्ष गेले. पंचविसानंतर, बुडणारा माणूस पाण्यावर डोके काढतो तसा बाबा एक मोठा श्वास ओढीत, कूस वळवीत आणि पुन्हा घोरू लागत. दिवसा ते वर्तमानपत्र हातात धरून पेंगत. वय झाले, असे आम्ही समजत होतो.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. भाषांतर हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय असूनही त्याला चांगला मराठी शब्द मला अद्याप सापडलेला नाही. 'निद्राश्वसनरोध' असा एक घडवून पाहिला. पण तो उच्चारताना माझाच श्वास कोंडला, तेव्हा नाद सोडला. विकार समजावयास मात्र अवघड नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती ओढ घेत राहते, पण वारा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागा करतो, वाट उघडते आणि तो पुन्हा झोपतो. सकाळी यातले त्याला काहीही आठवत नाही. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला किंवा फारच मंदावला, तर तो एक खंड धरतात. ताशी पाचाच्या आत असे खंड पडले तर चिंता नसते. तिसाच्या पुढे गेले तर विकार तीव्र समजला जातो. बाबांची एक रात्र रुग्णालयात, अंगभर तारा जोडून मोजली गेली. आकडा निघाला ३८. दर दीड मिनिटाला एकदा दचकून उठणारा माणूस दिवसा पेंगणार नाही तर काय करील? पेंगण्याशिवाय रक्तदाब वाढणे, हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात असे धोकेही या विकाराच्या मागोमाग येतात.

यावरचा उपाय म्हणजे ते यंत्र. खोलीतली हवा ओढून, थोडी उबदार व ओलसर करून ते नळीवाटे नाकात अखंड सोडते, आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवर यशस्वी झालेला हा उपाय प्रसिद्ध केला. त्यांच्या आरंभीच्या यंत्रासाठी घरातला केर ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलट्या दिशेने वापरली होती, आणि मुखवटा तर रोज रात्री रुग्णाच्या नाकावर चिकटवावा लागे. आजचे यंत्र मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढे असते आणि त्याचा आवाज पंख्याहूनही कमी. त्याचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात. पेल्यातल्या पाण्यात नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवून फुंकर घातली, तर पहिला बुडबुडा निघावयास जेवढे बळ लागते, तेवढा हा दहाचा दाब. बाबांसाठी डॉक्टरांनी अकराचा ठरवून दिला आहे. हा आकडा घरच्या घरी कमीजास्त करावयाचा नसतो.

यंत्र आल्यावर महिन्याभरात बाबा दुपारचे पेंगेनासे झाले. बेळगावच्या मित्रांना दूरध्वनीवर ते सांगत, 'वीस वर्षांनी जागा झालो बघ.' दुपारी साडेतीनला माझ्या मुलीला शाळेच्या गाडीवरून उतरवून घेण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले. बाबांचा दिवस त्या साडेतीनभोवती फिरू लागला. तीनलाच ते टोपी घालून तयार असत.

गेल्या फेब्रुवारीत मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि आई तीन आठवड्यांसाठी बेळगावला गेली. निघताना तिने बाबांच्या गोळ्या, ताकाची वेळ, तुळशीचे पाणी हे सारे सांगितले आणि दारातून वळून म्हणाली, 'सोंडेचं बघ रे.' मी म्हटले, 'बघतो.' आणि खरोखरच मी रोज रात्री बघत असे. बाबा मुखवटा चढवून आडवे झालेले दिसले की मी दिवा मालवून आपल्या खोलीत जाई.

बाराव्या दिवशी पावणेचारला मला कचेरीत दूरध्वनी आला. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई बाजारातून परतत होत्या. त्यांना माझी सहा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेला, दप्तर छातीशी धरून, एकटीच उभी असलेली दिसली. गाडी तिला उतरवून निघून गेली होती. बाबा तेथून वीस पावलांवर, उद्यानाच्या बाकावर, मान छातीवर टाकून गाढ झोपले होते. बंगळुरूचा रस्ता आणि दुपारची ती वेळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. मुलीला काही झाले नाही. ती उलट म्हणाली, 'आजोबांना उठवू नका, ते दमलेत.' बाबा मात्र त्या संध्याकाळी कोणाशीही बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

रात्री मी त्यांच्या उशाशी गेलो. हे यंत्र रोजच्या वापराचे तास स्वतःच नोंदवून ठेवते. पहिल्या तीन रात्री सात-सात तास. चौथ्या रात्री दोन. त्यानंतर कोठे वीस मिनिटे, कोठे शून्य. म्हणजे मी दिवा मालवीपर्यंत बाबा मुखवटा लावून पडून राहत आणि मी जाताच काढून ठेवीत. मी मुखवटा हातात घेतला. त्याची कड तेलाने चिकट झाली होती. डबीत बारा दिवसांपूर्वीच्या पाण्याचे उरलेले दोन बोटे पाणी होते. तळाशी पांढरा थर आणि कडेने गुलाबीसर बुळबुळीत साय. नाकाशी नेले आणि लगेच दूर केले.

'बाबा, सांगायचं नाही का मला?'

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'काय सांगणार? तोंडाला लागलेली वस्तू ती, लाळेची. उष्टी. मुलाच्या हातून धुऊन घ्यायची?' आणि आपले हात पुढे करून म्हणाले, 'माझ्यानं ते भाग सुटत नाहीत रे. बोटं धरलीत.'

आईच्या हातांना ते उष्टे कधी लागले नव्हते, आणि लागत असेल असे आम्हां दोघा पुरुषांपैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. माझ्या पत्नीने सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच विचारले की, तीन वर्षांत हे काम मी एकदा तरी केले होते का? प्रश्न विचारून ती मुलीला निजवायला गेली. उत्तर तिला माहीत होते.

यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका कपाटाच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेली, अशी सापडली. दिवसभर इतरांची सूचनापत्रे मराठीत आणणाऱ्या माणसाच्या घरातली ही स्थिती! रात्री बारापर्यंत बसून मी तिचा एका पानात मराठी तर्जुमा केला. 'आवश्यकतेनुसार स्वच्छ करावे' हे वाक्य मी कचेरीत शेकडो वेळा लिहिले असेल. ती आवश्यकता कोणी ओळखायची, हा प्रश्न मला त्या रात्री प्रथमच पडला. सकाळी आईला दूरध्वनी केला. बाकावरची गोष्ट तिला सांगितली नाही. 'सोंड कशी धुतेस?' एवढेच विचारले. ती क्षणभर थांबली आणि मग तिने पुस्तिकेत नसलेले पुष्कळ काही सांगितले.

तिचे पहिले सांगणे असे की, खरी शत्रू धूळ नव्हे, चेहऱ्याचे तेल. रात्रभरात कपाळाचे व नाकाचे तेल मुखवट्याच्या मऊ कडेला लागते. तेलकट कड गालावरून घसरते आणि फटीतून वारा फुसफुसत डोळ्यांत जातो. मग माणूस पट्टा आवळतो. आवळलेल्या पट्ट्याने नाकाच्या पुलावर वळ उठतो, वळाची जखम होते, आणि एके दिवशी मुखवटा खुंटीला लागतो तो कायमचा. बाबांच्या नाकावर तसा लाल वळ खरोखरच उठला होता. मी तो चष्म्याचा समजलो होतो. म्हणून मुखवटा रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने हलक्या बोटांनी धुवावा, साबण पुरता निघून जाऊ द्यावा आणि सावलीत वाळवावा. उन्हात ठेवला तर सिलिकॉन लवकर खराब होते. जंतुनाशक औषधे, ब्लीच, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी सिलिकॉन कडक होते, आणि त्यांचा वास रात्रभर थेट नाकात जातो. बाबांनी रात्री झोपण्यापूर्वी तोंड धुवावे हेही आईच्या शास्त्रात होते, आणि खोबरेल लावण्यास तिची सक्त मनाई होती.

मुखवट्यावर बारीक छिद्रांची एक रांग असते. उच्छ्वासातला कर्बवायू तिच्यातूनच बाहेर जातो. पहिल्या आठवड्यात त्या छिद्रांतला वारा आईच्या तोंडावर येऊ लागला, तेव्हा बाबांनी यंत्र गळते आहे असे समजून त्यांवर चिकटपट्टी लावली होती. तंत्रज्ञाने घरी येऊन ती काढली आणि बाबांना बरेच सुनावले. ती छिद्रे बुजवावयाची तर नाहीतच, उलट साबणाचा वा मळाचा कण त्यांत अडकू नये म्हणून मऊ ब्रशाने मोकळी ठेवावयाची. आई त्यासाठी लहान मुलांचा दात घासण्याचा ब्रश वापरी. तो ब्रश न्हाणीघरात मी तीन वर्षे पाहत आलो होतो आणि मुलीचा समजत होतो.

नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने आतून धुवायची, साधे पाणी दोनतीनदा खेळवायचे आणि दोन्ही तोंडे खाली येतील अशी दांडीवर टाकून पुरती वाळवायची. डोक्याचे पट्टे हाताने धुवायचे. यंत्राची पेटी मात्र विजेची. ती बटण बंद करून, प्लग काढून, ओलसर फडक्याने नुसती पुसायची.

पाण्याचा विषय बंगळुरूत जरा विस्ताराने बोलावा लागतो. कावेरीचे पाणी येथे शंभर किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने चढवून या उंच पठारावर आणतात. ते हलके असते. पण सर्वांना सर्वकाळ पुरत नाही, म्हणून जोडीला कूपनलिका आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या असंख्य कूपनलिका आटल्या, तेव्हा टँकरची वाट पाहण्यात आमच्या गल्लीचे दिवस गेले. आमच्या टाकीत या तिन्हींचा संगम होतो. ते पाणी किती जड आहे हे गीझरची कांडी उघडून पाहिली की कळते. यंत्राची डबी रोज रात्री पाणी तापवते. वाफ जाते, क्षार मागे राहतात, आणि काही दिवसांत तळाला खडूसारखा थर धरतो. पाणी उकळून घेतले तरी त्यातले सगळे क्षार जात नाहीत. म्हणून डबीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. पाठ्यपुस्तकात त्याला ऊर्ध्वपातित पाणी म्हणतात. हा शब्द घेऊन दुकानात जाऊ नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी जे कॅन मिळतात तेही घेऊ नयेत, कारण ते पाणी बॅटरीसाठी असते, माणसाच्या श्वासासाठी तपासलेले नसते. औषधाच्या दुकानात मागावे.

पण पाणी कितीही शुद्ध असले तरी ते शिळे होतेच. मी पाहिलेली ती गुलाबी साय क्षारांची नव्हती, साचलेल्या ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूंची होती. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे, डबी धुऊन उघडी वाळवावी आणि रात्री ताजे पाणी खुणेच्या रेषेपर्यंतच भरावे. डबी भरलेली असताना यंत्र उचलून हलवू नये. पाणी आत मोटरीत शिरते. धरलेल्या पांढऱ्या थराविषयी मात्र आई आणि पुस्तिका यांचे एकमत नव्हते. आईने तो एकदा चिंच आणि काथ्या लावून, तांब्याच्या हंड्यासारखा घासला होता. थर गेला; ओरखडे राहिले, आणि त्या ओरखड्यांत पुढचा मळ अधिक घट्ट बसू लागला. पुस्तिका सांगते की एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून डबी काही वेळ भिजत ठेवावी व मग स्वच्छ धुवावी. मी आईला हे भीतभीतच सांगितले. 'व्हिनेगर म्हणजे आंबटच ना?' असे म्हणून तिने ते मान्य केले.

हवा गाळणारी चौकोनी चकती यंत्राच्या मागे असते. ती धुवायची नसते, बदलायची असते. पुस्तिका सहा महिन्यांची मुदत देते. पण आमच्या खिडकीसमोर गेली दोन वर्षे कोणते ना कोणते बांधकाम चालू आहे, आणि येथली पांढरी चकती दोन महिन्यांत राखेच्या रंगाची होते. काही यंत्रांत काळ्या स्पंजाची गाळणी असते, ती तेवढी धुता येते. कोणती कोणती हे विचारूनच घ्यावे.

आणखी एक मोह येथे सांगितला पाहिजे. त्याच आठवड्यात माझ्या पाहण्यात ओझोन वायूने हे सारे आपोआप स्वच्छ करणाऱ्या एका पेटीची जाहिरात आली. मुखवटा आत टाका, बटण दाबा, झाले! अपराधी माणसाला अशी पेटी फार आवडते. मी पैसे भरणारही होतो. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० सालीच लोकांना सावध केले होते की, असली ओझोनची किंवा अतिनील किरणांची साधने या कामासाठी मान्यताप्राप्त नाहीत, आणि ओझोन फुप्फुसांना अपाय करू शकतो. पुढे २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीला आपली लक्षावधी श्वसनयंत्रे परत मागवावी लागली. त्यांतला आवाज शोषणारा फेस झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती, आणि ओझोनने ती झीज वाढते असे कंपनीनेच सांगितले होते. जुने यंत्र कोणी हातोहात विकत घेत असेल, तर त्याने निदान एवढे तपासून घ्यावे. मी पेटी मागवली नाही. चाळीस रुपयांचा ब्रश आणला.

पहिल्या सकाळी मी मुखवटा धुवायला घेतला तेव्हा बाबा न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. 'राहू दे,' असे दोनदा म्हणाले. लहानपणी तापात मी त्यांच्या सदऱ्यावर ओकलो होतो आणि तो सदरा त्यांनी स्वतः धुतला होता, ही गोष्ट मला आईकडून ठाऊक होती. पण ती त्या वेळी बोलून दाखवणे मला जमले नाही. मी म्हटले, 'बाबा, ती चकती तेवढी बघून द्या, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.' ते चकती घेऊन उजेडाला गेले. नवा मुखवटा घ्यावा का, असे तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, कड फाटलेली वा पिवळी पडून ताठरलेली नसेल तर आधी नीट धुऊन पाहा. नाकावरचा वळ बरा होण्यास चार दिवस लागले. त्या चार रात्री बाबा अर्धवटच झोपले. पाचव्या सकाळी यंत्राने पावणेसात तास दाखवले. शाळेच्या गाडीची पाळी मी दोन आठवडे माझ्याकडे घेतली. मग बाबांनी ती परत मागितली, आणि मी लगेच दिली नाही, आणखी एक आठवडा थांबलो. त्याचे त्यांना वाईट वाटले. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आई परत आली ती रात्रीच्या गाडीने. सामान खाली ठेवण्यापूर्वी ती बाबांच्या खोलीत गेली, मुखवट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, डबी उजेडाला धरली आणि काही बोलली नाही. बाकावरची गोष्ट तिला मुलीकडून कळली. त्यावर ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही, ते वेगळे. आता सोमवार ते शुक्रवार मी धुतो, शनिवारी-रविवारी आई. भाग सुटे करून दिले तर मुखवटा बाबाच धुतात, आणि 'तुम्ही लोक साबण फार वापरता' अशी टीकाही करतात.

नळी गच्चीजवळच्या दांडीवर वाळत असलेली खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंनी पाहिली आणि एके दिवशी चाचरत विचारले की, हे काय आहे? त्यांच्या यजमानांनाही असेच यंत्र दिलेले आहे. आठ महिने झाले, ते खोक्यात बांधून माळ्यावर ठेवले आहे, कारण 'त्याला वास येतो.' मी माझ्या पानाची एक प्रत त्यांना दिली. त्यांना मराठी येत नाही. म्हणून मी वाचत गेलो, आणि त्यांच्या सुनेने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते कन्नडमध्ये उतरवून घेतले. 'आवश्यकतेनुसार' या शब्दापाशी ती थांबली आणि याला काय लिहू म्हणून तिने विचारले. मी म्हटले, 'रोज सकाळी' असे लिहा.